साखळी कोणाची? अमेरिकेतील प्रादेशिक पिझ्झा आणि मालकीचा प्रश्न

डिसेंबर २००३ मध्ये जिम ग्रोट आणि त्यांची कन्या जेन यांनी 'डोनाटोस' ही पिझ्झाच्या दुकानांची साखळी मॅकडोनाल्ड्सकडून विकत घेतली. ही साखळी मुळात त्यांचीच होती. ओहायो स्टेट विद्यापीठात शिकत असताना, १९६३ मध्ये, ग्रोट यांनी उसनवारीने जमवलेल्या १,३०० डॉलरमध्ये कोलंबस शहराच्या दक्षिण भागातले एक लहानसे दुकान घेतले होते. पुढच्या साडेतीन दशकांत त्या एका दुकानाची सुमारे दीडशे दुकाने झाली, १९९९ मध्ये ती मॅकडोनाल्ड्सला विकली गेली, आणि चार-साडेचार वर्षांतच त्याच कुटुंबाने पुन्हा स्वतःच्या पदरचे पैसे घालून ती सोडवून आणली. अमेरिकेच्या खाद्यव्यवसायात संस्थापकाने विकलेली साखळी संस्थापकाकडे परत येणे ही फार विरळा घडणारी गोष्ट आहे. म्हणूनच ज्या साखळ्यांना परत घेणारे कोणी भेटले नाही त्यांचे काय झाले, आणि तसे होऊ नये म्हणून कायद्याने काही करावे की नाही, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

प्रादेशिक साखळ्या का बुडतात याचे नेहमीचे उत्तर ठरलेले आहे: मोठ्या साखळ्यांची स्पर्धा, घरपोच सेवेचे बदललेले स्वरूप, नव्या पिढीची बदललेली आवड. ही कारणे खोटी नाहीत, पण ती पुरेशी नाहीत. या साखळ्यांचा इतिहास क्रमाने पाहिला तर बहुतेक ठिकाणी जीवघेणा घाव भट्टीजवळ बसलेला दिसत नाही; तो मालकी बदलतानाच्या करारात आणि त्या करारामागच्या कर्जात बसलेला दिसतो. आणि तो करार होत असताना दुकानात वीस-वीस वर्षे राबलेल्या माणसांना कायद्याने जवळजवळ काहीच स्थान दिलेले नाही.

जन्माच्या बाबतीत छोट्या आणि मोठ्या साखळ्यांत काहीही फरक नव्हता. कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात कार्नी बंधूंनी आईकडून ६०० डॉलर उसने घेऊन १९५८ मध्ये पिझ्झा हट सुरू केले. मिशिगनमध्ये इलिच दांपत्याने १९५९ मध्ये लिटल सीझर्स उघडले आणि १९६० मध्ये मोनाहन बंधूंनी इप्सिलांटी गावात पुढे डोमिनोज म्हणून जगभर पोचलेले दुकान घेतले. याच काळात सिनसिनाटीत लारोझाज (१९५४) आणि सेंट लुईसमध्ये इमोज (१९६४) सुरू झाले, तर ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात केन सेल्बी या शाळामास्तरांनी १९६१ मध्ये पुढे 'मॅझिओज' झालेल्या साखळीचे पहिले दुकान काढले. भांडवल सारखेच तुटपुंजे, माणसेही सारखीच: महायुद्धानंतरच्या सुबत्तेत नोकरी सोडून किंवा नोकरी सांभाळून दुकान थाटणारी, घरच्यांना कामाला लावणारी. काहींनी सारा देश व्यापायचे ठरवले, तर काही आपल्या दोन-तीन राज्यांत राहिल्या. दुसऱ्या गटाकडे 'मोठे होऊ न शकलेले' म्हणून पाहण्याची सवय अर्थविषयक पत्रकारितेला लागली आहे, आणि ती सवय मला मुळातच चुकीची वाटते.

कारण देशभर पसरलेल्या साखळ्यांना जे कधी जमले नाही ते या दुसऱ्या गटाने केले. त्यांनी एकेका प्रदेशाला स्वतःचा पिझ्झा दिला. डेट्रॉइटचे उदाहरण घ्या. गस गेरा यांच्या 'बडीज रॉन्देव्हू' या ठिकाणी १९४६ मध्ये जो पिझ्झा बनू लागला, त्यासाठी वापरलेली आयताकृती, खोल, जाड पोलादी तबके मोटार कारखान्यांत सुटे भाग ठेवण्यासाठी बनलेली होती. अशा तबकात सैलसर मळलेले पीठ बोटांनी चारही कोपऱ्यांपर्यंत पसरायचे, ते आकसून मागे आले की थोडा वेळ थांबून पुन्हा दाबायचे, आणि मग फुगू द्यायचे. त्यावर विस्कॉन्सिनचे ब्रिक चीज थेट तबकाच्या भिंतीला टेकेल असे लावायचे, म्हणजे भट्टीत ते कडेने खाली झिरपते, तापलेल्या पोलादावर तळले जाते आणि पिझ्झाभोवती काळपट-तपकिरी, कुरकुरीत कड तयार होते. टोमॅटोचा सॉस सगळ्यात वर, पट्ट्यांमध्ये ओतायचा, म्हणजे खालचे पीठ ओले राहत नाही. शहरातल्या कारखान्यांचे पोलाद आणि शेजारच्या राज्यातले दूध यांच्याशिवाय हा पदार्थ जन्मालाच आला नसता.

सेंट लुईसमध्ये इमोजने नेमके उलट टोक गाठले. तिथल्या पिठात यीस्ट नसते, त्यामुळे पोळी बिस्किटासारखी पातळ आणि कडक होते. वरचे 'प्रोव्हेल' हे चेडर, स्विस आणि प्रोव्होलोन यांच्या मिश्रणातून बनवलेले प्रक्रियायुक्त चीज वितळल्यावर तार धरत नाही, लोण्यासारखे पसरते. पिझ्झा गोल असला तरी तो चौकोनी तुकड्यांत कापतात. परगावच्या माणसाला हे चीज बहुधा आवडत नाही. त्या शहरात वाढलेला माणूस मात्र दूर राहायला गेला तरी गोठवलेला इमोज मागवून घेतो. देशभर विकायचा पदार्थ कोणालाही नकोसा वाटू नये असा बेतावा लागतो. ज्या पदार्थावर एक शहर जीव टाकते आणि बाकीचे नाक मुरडतात, तो प्रादेशिक साखळीच सांभाळू शकते.

या साखळ्यांच्या सीमा कामाच्या गरजेतूनही ठरतात. पिझ्झाचे पीठ मध्यवर्ती स्वयंपाकघरात मळून, गोळे करून, थंड ठेवून ट्रकने दुकानांना पुरवले जाते. ते थंडीतही हळूहळू फुगत असते, त्यामुळे मळल्यापासून भट्टीत जाईपर्यंतचा वेळ हिशेबातला असावा लागतो. एका रात्रीच्या ट्रकच्या टप्प्यात जेवढी दुकाने येतात तेवढ्यांचा दर्जा एका स्वयंपाकघराला सांभाळता येतो. त्यापलीकडे गेले की दुसरे स्वयंपाकघर, दुसरे पुरवठादार आणि दुसरे पर्यवेक्षक उभे करावे लागतात, आणि हा खर्च नव्या गावात पुरेशी दुकाने चालू होईपर्यंत तोट्यातच सोसावा लागतो. डोनाटोसने आपला दर्जा अशाच बारकाव्यांतून घडवला होता. पातळ पोळीच्या अगदी काठापर्यंत जिन्नस पसरायचे आणि मोठ्या पिझ्झावर पेपरोनीच्या निदान शंभर चकत्या लावायच्या, हा त्यांचा नियम. शंभर चकत्या हाताने एकसारख्या कापणे जिकिरीचे, म्हणून ग्रोट यांनी त्यासाठी यंत्र तयार करवून घेतले आणि त्यातून पुढे खाद्यपदार्थ कापण्याची यंत्रे बनवणारी वेगळी कंपनीच उभी राहिली.

मॅकडोनाल्ड्सच्या ताब्यात गेल्यावर डोनाटोसला भांडवल भरपूर मिळाले. पण त्या भांडवलाबरोबर अटलांटासारख्या दूरच्या बाजारात वेगाने शिरण्याची घाईही आली. कोलंबसमध्ये जे नाव दोन पिढ्यांच्या तोंडी होते ते तिथे कोणालाच माहीत नव्हते, आणि तिथली दुकाने अखेर बंद करावी लागली. दरम्यान मॅकडोनाल्ड्सचाच मूळ व्यवसाय अडचणीत आला. २००२ च्या शेवटच्या तिमाहीत त्या कंपनीला इतिहासातला पहिला तिमाही तोटा झाला, आणि नव्या व्यवस्थापनाने हॅम्बर्गरखेरीजचे व्याप कमी करायचे ठरवले. डोनाटोसचे भवितव्य असे एका वेगळ्याच धंद्याच्या ताळेबंदावर ठरले. ते ज्यांनी ठरवले त्यांनी वाईट हेतूने ठरवले असे मी म्हणत नाही. त्यांच्या दृष्टीने ही साखळी हिशेबातली एक ओळ होती, आणि ती ओळ खोडणे त्यांच्या भागधारकांच्या हिताचे होते. ग्रोट कुटुंबाकडे परत घेण्याइतकी ऐपत आणि इच्छा दोन्ही होती, हा निव्वळ योगायोग. सार्वजनिक धोरण योगायोगावर सोडू नये.

असा योगायोग न घडल्यास काय होते हे 'शेकीज'च्या इतिहासात दिसते. १९५४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरात शेरवूड जॉन्सन आणि एड प्लमर यांनी सुरू केलेले हे दुकान लाकडी बाकांसाठी, बँजो आणि पियानोच्या गाण्यांसाठी प्रसिद्ध झाले. पिझ्झाच्या धंद्यात फ्रँचायझीची वाट पाडणाऱ्या पहिल्या साखळ्यांपैकी ती एक होती. दोघा संस्थापकांनी १९६७ च्या सुमारास हिस्से विकले आणि साखळी कोलोरॅडोतल्या एका पीठगिरणी कंपनीकडे गेली. तीच कंपनी एका साखर कंपनीशी जोडली गेली, आणि १९७४ मध्ये तो सगळा उद्योगसमूह टेक्सासच्या हंट बंधूंनी घेतला तेव्हा साखर कारखान्यांच्या जोडीने पिझ्झाची दुकानेही आपसूक त्यांच्याकडे आली. पुढे १९८४ मध्ये दोन फ्रँचायझीधारकांकडे, १९८९ मध्ये सिंगापूरच्या एका कंपनीकडे आणि २००४ मध्ये पुन्हा कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीकडे असे हस्तांतर होत राहिले. कधीकाळी शेकड्यांनी असलेली अमेरिकेतली दुकाने आज काही डझनांवर आली आहेत, तर फिलिपाईन्समध्ये, जिथे ती १९७५ मध्ये पोचली, तिथे हे नाव कितीतरी अधिक जोमात आहे. पिझ्झा तोच, नाव तेच. अमेरिकेत मात्र मालक बदलत गेले आणि त्यांतल्या कित्येकांचे मुख्य काम दुसरेच होते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. कुटुंबाची मालकी म्हणजे सुरक्षितता, असे म्हणता येत नाही. शिकागोची 'जिओर्डानोज' ही साखळी १९७४ मध्ये सुरू झाली. १९८८ पासून ती ज्या कुटुंबाकडे होती, त्याने दुकानांच्या जोडीला मोठ्या कर्जावर जमीनजुमला घेतला. मालमत्तांचे भाव कोसळल्यावर कर्ज फिटेना, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये कंपनीला दिवाळखोरी न्यायालयात जावे लागले. त्या वेळी तिच्या दुकानांत गिऱ्हाइकांची वाण नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस सहा कोटी डॉलरहून अधिक किंमत देऊन एका गुंतवणूक संस्थेच्या पुढाकाराने ती विकत घेतली गेली, आणि ती आजही चालू आहे. म्हणजे बाहेरचे भांडवल नेहमीच मारक ठरते असेही नाही. या उदाहरणातून मला एवढेच दाखवायचे आहे की भट्टीशी संबंध नसलेले कर्ज, ते कोणीही काढलेले असो, भट्टीवर उभ्या असलेल्या माणसाची भाकरी धोक्यात घालते. खासगी गुंतवणूक निधींच्या व्यवहारात तर हे पद्धतशीरपणे घडू शकते, कारण खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा बोजा पुष्कळदा विकत घेतलेल्या कंपनीच्याच खात्यावर टाकला जातो. मग चीजचे भाव वाढले किंवा एक हिवाळा मंदा गेला, तर पूर्वी जो तोटा पचला असता तो आता व्याजामुळे पचत नाही.

हे सगळे शेवटी कोणाच्या अंगावर येते? नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड या प्रदेशात घडलेली घटना त्याचे उत्तर देते. 'पापा जिनोज' ही १९६१ मध्ये बोस्टनमध्ये व्हॅलेरिओ दांपत्याने सुरू केलेली साखळी. १९९१ मध्ये त्यांनी ती विकली, १९९७ मध्ये नव्या मालकांनी 'डी'अँजेलो' ही सँडविचची साखळी तिला जोडली. २०१८ च्या त्या नोव्हेंबरात एका रविवारी दोन्ही साखळ्यांची मिळून डझनावारी दुकाने अचानक बंद झाली, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कित्येक कामगारांना आपली नोकरी गेल्याचे कामावर आल्यानंतर, दाराला लावलेल्या कागदावरून कळले. साखळीचा उरलेला भाग नव्या मालकाने घेतला आणि तो चालू राहिला, पण बंद झालेल्या दुकानांतल्या माणसांना त्याचा काय उपयोग?

अमेरिकेत अशा प्रसंगांसाठी १९८८ चा एक कायदा आहे. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाने आस्थापना बंद करण्यापूर्वी साठ दिवस आधी लेखी सूचना द्यावी, असे तो सांगतो. या कायद्यामागे पोलाद कारखान्यांची ताजी आठवण होती. १९७७ च्या सप्टेंबरात ओहायोतल्या यंग्सटाउनमध्ये एका सोमवारी हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्याचे जाहीर झाले, आणि त्यानंतरच्या दशकभराच्या मागणीनंतर, राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सहीविनाच, हा कायदा अमलात आला. पण त्यातली मोजणी कारखाना डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. 'एकाच कामाच्या ठिकाणी' निदान पन्नास कामगारांची नोकरी गेली तरच बंदची सूचना बंधनकारक होते, आणि त्या पन्नासांत अर्धवेळ काम करणारे धरले जात नाहीत. पिझ्झाच्या दुकानात पंचवीस-तीस माणसे असतात, त्यांतली निम्मी शाळा-कॉलेजात शिकणारी किंवा दुसरीकडेही काम करणारी. तेव्हा एका मालकाने एकाच दिवशी पन्नास दुकाने बंद केली, हजार माणसे घरी बसवली, तरी कायद्याच्या नजरेत ती पन्नास निरनिराळी लहान ठिकाणे ठरतात आणि कोणालाही पूर्वसूचना मिळण्याचा हक्क उरत नाही. मालक एक, कर्ज एक, निर्णय एक. मोजणी मात्र पन्नास. ही त्रुटी मला केवळ तांत्रिक वाटत नाही. सेवाक्षेत्रातल्या कामगाराचे काम हे खरे काम नव्हे, या जुन्या समजुतीचा तो कायद्यात राहून गेलेला ठसा आहे.

ती दुरुस्त करता येते याचा पुरावा अमेरिकेतल्याच एका राज्यात आहे. न्यू जर्सीने २०२० मध्ये मंजूर करून एप्रिल २०२३ पासून लागू केलेल्या दुरुस्तीत राज्यभरातल्या सर्व ठिकाणांचे कामगार एकत्र मोजले जातात, अर्धवेळ कामगारही धरले जातात, पूर्वसूचना नव्वद दिवसांची करावी लागते आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे एका आठवड्याचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. मालकांच्या संघटनांचे म्हणणे असे की बंद पडणार हे आधी जाहीर झाले तर पुरवठादार उधारी थांबवतात, गिऱ्हाईक पाठ फिरवते, आणि वाचू शकणारे दुकानही बुडते. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि केंद्रीय कायद्यात धडपडणाऱ्या कंपनीसाठी तसा अपवाद आधीपासूनच ठेवलेला आहे. भांडवल मिळवण्याचे खरे प्रयत्न चालू असतील तर सूचनेची मुदत कमी होऊ शकते. पण तो अपवाद सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. आज दुकानसाखळ्यांना ती जबाबदारीच उरत नाही, कारण मुळात त्यांना नियमच लागू होत नाही.

पूर्वसूचना हा मात्र शेवटचा उपाय झाला. त्याच्या कितीतरी आधी, संस्थापक निवृत्तीला आलेला असतो तेव्हा, वेगळे काही करता येते. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडच्या ओकलंड शहरात १९८३ मध्ये सुरू झालेल्या 'झॅकरीज' या लहानशा साखळीच्या संस्थापकांनी ती टप्प्याटप्प्याने आपल्याच कर्मचाऱ्यांना विकली, आणि २०१० पासून ती पूर्णपणे कर्मचाऱ्यांच्या मालकीची आहे. यासाठीची व्यवस्था अमेरिकी कायद्यात १९७४ पासून आहे. कर्मचाऱ्यांच्या वतीने एक न्यास कर्ज काढून मालकाचे भाग विकत घेतो, कंपनीच्या नफ्यातून ते कर्ज फिटत जाते, आणि फिटेल तसे भाग एकेका कर्मचाऱ्याच्या नावे जमा होतात. यात कामगाराला स्वतःच्या खिशातून पैसे घालावे लागत नाहीत आणि निवृत्तीच्या वेळी त्याला त्याच्या भागांची किंमत मिळते. अर्थात इथेही कर्ज आहेच, आणि ते वाजवीपेक्षा अधिक असेल तर परिणाम तोच. ट्रिब्यून या वृत्तपत्र कंपनीचा २००७ मधला अशाच न्यासामार्फत झालेला सौदा वर्षभरात दिवाळखोरीत गेला, आणि त्यात कर्मचाऱ्यांचेच नुकसान झाले. त्यामुळे कर्मचाऱ्यांची मालकी म्हटले की प्रश्न सुटला, असे मी मानत नाही. कर्जाला मर्यादा घालण्याची अट तिलाही हवी.

पण राज्याने कोणत्या वाटेला सवलत द्यावी, हा निवडीचा प्रश्न आहे. १९८४ पासून, कर्मचाऱ्यांच्या न्यासाला निदान तीस टक्के मालकी देणाऱ्या विक्रेत्याला नफ्यावरचा कर पुढे ढकलता येतो, पण ही सवलत ज्या प्रकारच्या कंपन्यांना पूर्णपणे मिळते त्या प्रकारात लहान कौटुंबिक व्यवसाय सहसा नोंदलेले नसतात. त्यांच्यासाठी २०२२ च्या कायद्याने २०२८ पासून फक्त दहा टक्क्यांपुरती सूट ठेवली आहे. २०१८ मध्ये लघुउद्योगांना कर्जहमी देणाऱ्या केंद्रीय संस्थेला कर्मचारी-मालकीसाठीची कर्जे सुलभ करण्यास संसदेने सांगितले, तरी सहकारी पद्धतीने दुकान घेऊ पाहणाऱ्या कामगारांसमोर वैयक्तिक हमीची अट अडसर होऊन उभीच राहिली. ज्याच्याकडे घरही स्वतःचे नाही त्या पिझ्झा भाजणाऱ्याने हमी कशाची द्यायची? दुसरीकडे कर्जाच्या बळावर साखळी विकत घेणाऱ्या निधीला त्या कर्जाच्या व्याजावर करवजावट मिळते. बाहेरून येणाऱ्या खरेदीदाराला असलेली ही सोय आणि आतल्या माणसांना असलेल्या या अडचणी, यांतून सौदा कोणाकडे झुकणार हे आधीच ठरल्यासारखे होते.

हा प्रश्न आजच हातात घेण्याचे कारण काळाचे आहे. पन्नास आणि साठच्या दशकांत दुकान उघडणारी पिढी निवृत्त झाली आहे किंवा हयात नाही, आणि तिच्या मुलामुलींची पिढीही आता साठी ओलांडते आहे. डेट्रॉइटच्या बडीजमध्ये २०१८ मध्ये गुंतवणूक निधी आला, आणि २०२१ च्या जानेवारीत पिझ्झा हटने देशभर 'डेट्रॉइट पद्धतीचा' पिझ्झा विकायला काढला. कृती कोणाच्या मालकीची नसते, ती पसरली याचा मला आनंदच आहे; पण कृती पसरली म्हणून ती घडवणाऱ्या दुकानाचे काय होते याकडे दुर्लक्ष करण्याची मुभा मिळत नाही. करसवलतीत बदल व्हायला संसदेत वर्षे जातील. कर्जहमीची अट सैल करणे प्रशासनाच्या पातळीवर त्याहून लवकर होऊ शकेल. सूचनेसाठीची मोजणी बदलायला मात्र सरकारी तिजोरीतला एक डॉलरही खर्च होत नाही, आणि न्यू जर्सीने तिचा मसुदाही तयार करून ठेवला आहे. मॅसॅच्युसेट्स, ओहायो आणि मिशिगन यांच्या विधिमंडळांनी सुरुवात तिथून करावी.